डब्यातलं लुगडं

पौष लागला की अंजनाच्या घशाखाली घास उतरत नाही. गेली अठ्ठेचाळीस वर्षं हे असंच चाललंय. विट्याच्या डॉक्टरांनी दोनदा नळी घालून तिचं पोट तपासलं, तिसऱ्यांदा त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. पोटात काही नव्हतं. जे होतं ते माळ्यावर, पितळी घंगाळाच्या मागं, एका जुन्या तुपाच्या डब्यात होतं.

गाव विट्याजवळचं. इथले पुरुष मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या धंद्याला, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला, देशभर पांगतात. कुणी केरळात, कुणी पंजाबात, कुणी पार आसामात. वर्षभर गावात बंगले असतात, माणसं नसतात. पौष पुनवेच्या जत्रेला मात्र सगळे हटकून येतात. इथल्या बायकांना नवरा म्हणजे एक सणच. वर्षातून एकदा यायचा, पंधरा दिवस राहायचा, त्याच्यासाठी घर सारवून ठेवायचं आणि तो गेला की भांडी घासत बसायचं. अंजनाच्या घरच्या तीन पिढ्यांनी असाच संसार केला आणि त्याला संसारच म्हटलं.

तिचा नवरा नाथाजी आता चौऱ्याहत्तरचा. बारा वर्षांपूर्वी कोइमतूरचं दुकान मुलाच्या, वीरधवलच्या, हवाली करून तो कायमचा गावी आला. तेव्हापासून तो बारा महिने घरात, आणि अंजनाची भीतीही बारा महिने घरात. फक्त पौषात तिला धार चढते.

या वर्षी जत्रेच्या चार दिवस आधी नात आली, संयोगिता. पुण्यात एम.ए. करते. आणीबाणीला पन्नास वर्षं झाली म्हणून तिच्या कॉलेजात काहीतरी काम निघालं होतं. म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं आणि फोनमध्ये भरून न्यायचं. पोरगी कामाची. आल्या आल्या पदर खोचावा तशी ओढणी खोचून म्हणाली, "आज्जी, जत्रेची मोठी भांडी मी काढते, तू वर चढू नकोस." अंजना चुलीपुढं पीठ मळत होती. ती नको म्हणायच्या आत पोरगी शिडीवर होती.

मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तो आवाज अंजना झोपेतही ओळखेल. तिचे हात पिठात तसेच राहिले.

"आज्जी, यात एक लुगडं आहे. चोळी, कुंकवाची डबी... आणि हे कार्ड कुणाचं?" संयोगिता खाली उतरली. हातात पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं जाड कागदाचं कार्ड. हिंदीत छापलेलं, जांभळा शिक्का. तिनं वाचलं. नाव आबांचं, नाथाजीचं. वय पंचवीस. नसबंदी. तारीख, दहा डिसेंबर एकोणीसशे शहात्तर.

पोरगी आधी हरखली. असला अस्सल कागद तिच्या वर्गात कुणालाच मिळाला नसेल. तिनं चटकन फोटो काढला. आणि मग तिचा चेहरा बदलला. "आज्जी, पप्पांचा जन्म सत्त्याहत्तरचा ना? ऑक्टोबरचा?"

अंजनानं पिठाच्या हातानं ते कार्ड ओढून घेतलं. "ठेव त्ये. कुनाला बोलू नगंस."

"पप्पा उद्या येतायत ना. त्यांना माहीत असेल की."

"त्येला काय बी ठावं न्हाई," अंजना म्हणाली. इतकी वर्षं जे घरात फक्त दोघांना ठाऊक होतं, ते आता त्या पोरीच्या फोनमध्ये जाऊन बसलं होतं. फोनमधून ते कुठं कुठं जाईल, देव जाणे.

*

त्या वर्षी दिल्लीत कुणाला तरी वाटलं की देशात माणसं फार झाली. वाटलं तर वाटलं. पण ज्यांना वाटलं त्यांनी स्वतःचं काही कमी केलं नाही, आकडे ठरवून खाली वाटले. आकडा वरून खाली आला, खाली येता येता फुगला, आणि उत्तरेतल्या एका तालुक्याच्या गावात बस अड्ड्यावर उभ्या असलेल्या नाथाजीच्या खांद्यावर पोलिसाचा हात होऊन पडला. तेव्हा तो तिथल्या एका गलाईच्या दुकानात कामाला होता, कोळसा आणायला बाहेर पडला होता. मूलबाळ नाही, लग्नाला तीनच वर्षं झालीत, हे त्यानं हात जोडून सांगितलं. भाषा धड येत नव्हती. शिवाय ऐकायचं कुणाला होतं? ट्रकमधून नेलं, तंबूत निजवलं, संध्याकाळी एक कार्ड आणि तुपाचा पाच किलोचा डबा हातात देऊन सोडलं.

तीन आठवड्यांनी जत्रेसाठी तो गावी आला तो हा डबा घेऊनच. सासू बनुबाईंना केवढा आनंद! लेकानं परमुलखातून तूप आणलं म्हणून त्यांनी जत्रेच्या पुरणपोळ्यांवर ते सढळ हातानं वाढलं, भावकीतल्या घराघरात वाटीभर धाडलं. गावानं ते तूप मिटक्या मारत खाल्लं. नाथाजीनं पोळी कोरडीच खाल्ली. त्याच दिवशी गोठ्यामागं त्यानं अंजनाला सगळं सांगितलं. सांगताना तो तिच्याकडं बघत नव्हता, बैलाच्या शिंगाकडं बघत होता.

"कुनाला कळलं तर मला गावात तोंड दावता यायचं न्हाई," तो म्हणाला. "आईला तर न्हाईच न्हाई. आन ह्ये कार्ड जप. ह्ये दावलं न्हाई तर पुन्यांदा उचलत्यात."

अंजना तेव्हा वीस वर्षांची होती. आपल्याला आता मूल नाही, एवढंच तिला कळलं. नवरा पंधरा दिवस राहिला आणि परत गेला. ती रडली, ते गोठ्यातच. फाल्गुनात तिच्या लक्षात आलं की दोन महिने झाले, ती बाजूला बसलेली नाही.

माणूस आनंदानं घाबरतो हे आपण ऐकलेलं असतं. अंजनाच्या वाट्याला आनंद आलाच नाही, नुसती भीती आली. ती गावाबाहेर गेली नव्हती. परक्या पुरुषाशी चार शब्द बोलली नव्हती. ते तिला ठाऊक होतं. पण सरकारचा कागद म्हणत होता की नाथाजीला मूल होणार नाही. त्या कागदावर शिक्का होता, डॉक्टरची सही होती. अंजनाच्या बोलण्यावर कसला शिक्का? तिनं देवापुढं बसून ते पंधरा दिवस एकेक करून आठवले. कुणाच्या घरी काय खाल्लं, कुठल्या वाटेनं गेले, काही बाहेरचं लागलं काय. खोटं काही केलेलं नसताना माणूस स्वतःची झडती घ्यायला लागतो, तेव्हा त्याची अवस्था काय होत असेल ते ज्याचं त्यानं समजावं.

नवऱ्याला कळवावं, तर तिला लिहिता येत नव्हतं. पत्र शाळामास्तर लिहायचे. मास्तरांना काय सांगणार? बनुबाईंनी मात्र मास्तरांकडून भरघोस लिहवलं. सूनबाईला दिवस गेलेत, देव पावला. पुढं ऑक्टोबरात दुसरं पत्र. मुलगा झाला, पेढे वाटले. दोन्हींना उत्तर आलं नाही. बनुबाई म्हणाल्या, कामात असंल. अंजनाला ठाऊक होतं, काम काय आहे ते.

पौष जवळ आला. अंजनानं रिकामा झालेला तुपाचा डबा राखेनं घासला, उन्हात वाळवला आणि त्यात एक लुगडं, एक चोळी आणि कुंकवाची डबी भरली. कार्ड आधीच तळाशी होतं. विचार साधा होता. दारातच 'चालती हो' म्हटलं, तर कपडे गोळा करायला पुन्हा आत जायला नको. सगळ्या भावकीदेखत ते करायचं बळ आपल्याला राहणार नाही. डबा उचलायचा, पोर कडेवर घ्यायचं आणि माहेरची वाट धरायची. माहेरीही कुणी घेतलं नाही तर काय, याचा विचार तिनं केला नव्हता. तिथवर तिची भीती पोचतच नव्हती.

नाथाजी आला. पोराला दोन्ही हातांत घेतलं, दाराबाहेर उजेडात नेलं आणि त्याचे कान निरखून बघितले. आधी डावा, मग उजवा. अंजना उंबऱ्याआड डब्याच्या कडीवर हात ठेवून उभी होती. मग पोराला आईच्या मांडीवर देत म्हणाला, "वीरधवल नाव ठिवा." आणि अंघोळीला गेला.

झालं एवढंच. त्यानं हाकललं नाही. पण 'पोर माझं' असंही कधी म्हटलं नाही. आज नाही तर उद्या म्हणेल, या वर्षी नाही तर पुढच्या जत्रेला म्हणेल, असं करत अंजना दर पौषात डबा भरत राहिली. लुगडं कुजलं की दुसरं ठेवायची. आणीबाणी कधीच उठली होती, सरकारं आली आणि गेली. कार्ड फेकायचं मात्र तिला धाडस झालं नाही. सरकारी कागद. उद्या कुणी मागितला तर?

आणखी एक छळ होता, तो बनुबाईंचा. एका नातवावर त्यांचं मन भरेना. दुसरं कधी, दुसरं कधी. अंजनाला गंडेदोरे बांधले, सोमवार धरायला लावले, सांगलीच्या बाईडॉक्टरकडं नेऊन तपासून आणलं. डॉक्टरीण म्हणाली, बाईत काही दोष नाही, नवऱ्याला घेऊन या. बनुबाई तिथंच उखडल्या. "माज्या लेकात दोष? हे एक पोर कुनी दिलं मग?" त्या टेबलावर निजलेल्या अंजनाला तो प्रश्न चाबकासारखा लागला. पुढं नाथाजीला दुसरी बायको करून द्यायची गोष्ट निघाली, मुलगीसुद्धा बघून ठेवली. तेव्हा नाथाजी जेवता जेवता म्हणाला, "एक बास झालं." आईनं कपाळावर हात मारला. अंजनानं मात्र त्या तीन शब्दांत भलतंच ऐकलं. जे झालं ते एकदाच बास झालं, पुन्हा नको, असं.

दुसरं मूल होत नाही म्हणून वांझोटीसारखे बोल तिनं ऐकले, आणि झालेल्या मुलाची चोरी मनात बाळगली. नाथाजीच्या वाट्याला तंबूतली एक दुपार आली, अंजनाच्या वाट्याला पुढची सगळी वर्षं. कुणा अधिकाऱ्याच्या वहीत यातलं काही नाही.

*

वीरधवल दुसऱ्या दिवशी आला. कोइमतूरहून पुण्यापर्यंत विमान आणि पुढं गाडी. अठ्ठेचाळिशीचा, पोट सुटलेला, आईला वाकून नमस्कार करणारा. अंजनानं त्याच्या तोंडाकडं बघितलं नाही. संयोगिताला तिनं सकाळी एकटीला गाठून सांगितलं होतं, "आबांना इचारू नगंस, तुजी शपथ."

"आज्जी, यात लाजायचं काय? लाखो लोकांवर झालंय हे. आबांची काय चूक?" पोरीला वाटलं, आज्जी आबांच्या अब्रूला जपतेय. आज्जीची अब्रू तिच्या डोक्यातच आली नाही. तारखांचं कोडं तिला पडलं होतं, पण ते तिला कुतूहलाचं वाटत होतं. या वयात सगळंच कुतूहलाचं असतं.

दुपारी, जेवणाच्या आधी, नाथाजी पडवीत खुर्चीवर बसला होता. शेजारी वीरधवल. संयोगितानं फोन स्टुलावर ठेवला. आत अंजना दाराआड उभी राहिली. तिच्या हातात डबा होता. पायांत चपला होत्या. स्वयंपाकघरात कधी चपला न घालणारी बाई. आपण त्या कधी घातल्या हे तिलाच कळलं नव्हतं.

सुरुवातीला नाथाजी रंगात होता. रेल्वे कशी वेळेवर धावायची, लोक कसे कुजबुजत बोलायचे. मग पोरीनं फोनवरचा फोटो त्याच्यापुढं धरला. "आबा, हे तुमचं कार्ड ना?"

वीरधवलनं वाकून फोन हातात घेतला, मोठा करून वाचला. एकदा. मग पुन्हा. बोटांची पेरं अंगठ्यानं मोजत त्याचे ओठ हलायला लागले. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. दाराच्या फटीतून अंजनाला ते ओठ दिसत होते. तिच्या मनात आलं, आता. आता हा बापाकडं बघेल, आणि बाप ते बोलेल. आपलं पोर, वयानं निम्मं म्हातारं झालेलं पोर, आज बापाविना होईल. तिनं डब्याची कडी इतकी आवळली की ती तळव्यात रुतली.

"मोजू नगंस," नाथाजी म्हणाला. "मी मोजलंय."

वीरधवलचा अंगठा थांबला.

"आईचं पयलं पत्र मला पोचलंच न्हाई. दुसरं आलं तवा मी मुशीत सोनं वितळवत हुतो. पोरगा झाला म्हनून वाचलं आन मूस हातातनं पडली, फुटली. दुकानाचं मालक आप्पासो, त्यांनी शिव्या घातल्या. मी काय बोललो न्हाई. दुसऱ्या दिशी तिकीट काढलं. म्हनलं, गावाकडं जायचं, बाईला पोरासकट म्हायेरी घालवायची, आन तोंड काळं करून कुटंतरी जायचं."

दाराआड अंजनानं डबा कडेवर घेतला.

"गाडीला येळ हुता. त्याच तंबूतला एक म्हातारा कंपाउंडर बाजारात दिसला. धरली त्याची गचांडी. म्हनलं, तुमी कापलं म्हनता, मग पोर कुनाचं? त्यो पहिल्यांदा भ्याला, मग हसाय लागला. म्हनाला, गड्या, कापल्यावर तीन म्हैने जोखीम असतीया. आदीचं शिल्लक असतंय. बाईला जपायचं असतंय. म्हनलं, सांगितलं का न्हाई? म्हनाला, दिसाला शंभर मानसं निजवत हुतो, सांगाय सवड कुनाला?" नाथाजी थांबला, धोतरानं डोळे पुसले. "मी तर तीन आठवड्यातच घरी आल्तो. तिकीट फाडून टाकलं. पुढं जत्रंला आलो आन तुला उजेडात न्हेऊन बघितलं. कान माज्या बापाचं. आसं बाहेर आल्यालं. लय ग्वाड वाटलं मला."

वीरधवलनं नकळत आपल्या कानाला हात लावला. मग तो बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. संयोगिताचेही डोळे भरले होते, पण पोरगी अभ्यासाची. प्रश्न विचारायचं सोडेना. "मग आबा, आज्जीला हे कधी सांगितलंत?"

"तिला काय सांगायचं?" नाथाजी खरोखरच गोंधळला. "तिचं तिला ठावंच हाय की."

दार उघडलं. अंजना बाहेर आली. तिनं डबा नाथाजीच्या पायाशी ठेवला आणि झाकण काढलं.

"ह्ये काय?" तो म्हणाला.

"लुगडं हाय. तुमी हाकललं तर जायाला. अठ्ठेचाळीस वर्सं भरून ठिवलंय."

नाथाजीनं वाकून आत बघितलं. लुगड्याच्या कडेला बोट लावलं आणि काढून घेतलं, निखाऱ्याला लावल्यासारखं. त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, पर... तू कवा इचारलंस का मला?"

"मला इचारायला भ्या वाटत हुतं," अंजना म्हणाली. "तुमाला सांगायला काय वाटत हुतं?"

त्याच्याकडं उत्तर होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. सांगायचं म्हणजे त्या तंबूचं नाव पुन्हा घ्यावं लागलं असतं, आणि नाथाजीला त्याची लाज वाटत होती. आपली लाज झाकायला त्यानं बायकोची झोप वापरली, आणि आपण ती वापरतोय हे त्याला कधी कळलंसुद्धा नाही.

अंजनाला वाटायचं, ही भीती गेली की अंग हलकं होईल. हलकं काही झालं नाही. राग आला. पायाच्या नखापासून आला. इतका राग कुठं ठेवायचा हे तिला कळेना, कारण त्या जागी आजवर भीतीच राहत आली होती. तिनं चपला काढून दाराशी ठेवल्या. लुगडं संयोगिताच्या हातात देऊन म्हणाली, "उनात टाक, वास येतुया." मग आत जाऊन तिनं मुलाला आणि नातीला वाढलं, स्वतःचं ताट घेतलं आणि भिंतीला टेकून जेवायला बसली. एक भाकरी खाल्ली, दुसरी घेतली. पौषात घास उतरत होता.

नाथाजी आत येऊन आपल्या पाटावर बसला. थोडा वेळ वाट बघितली. पन्नास वर्षांत त्याच्यापुढं ताट आपोआप येत असे, ते आज आलं नाही. मग तो गुडघ्यावर हात टेकत उठला. भाकरी दुरडीत सापडली. आमटीचं पातेलं चुलीवर दिसत होतं, पण वाढायला पळी सापडेना. त्यानं मांडणीवर बघितलं, दोन डबे उघडले, उतरंडीमागं हात घातला. बायकोकडं एकदा बघितलं, पण विचारलं नाही.

पळी दाराच्या खुंटीला होती. अंजनाला ते ठाऊक होतं. तिनं सांगितलं नाही.